संपणारं काम हवं होतं: कंटाळा आणि बर्नआउटसाठी फ्लाइट सिम्युलेशनची पहिली पावलं

कामावरून आल्यावर फोन हातात घेऊन पडून राहायचं आणि दीड तासानं तो ठेवताना काय पाहिलं तेही आठवायचं नाही, अशी माझी कित्येक महिने गत झाली होती. झोप व्हायची, सुट्टीही मिळायची, तरी सकाळी अंगात शिसं भरल्यासारखं वाटायचं. त्या काळात एका मैत्रिणीनं संगणकावर विमान उडवायची तिची जुनी जॉयस्टिक मला दिली. पहिल्या दिवशी माझं विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. चौथ्या दिवशी उडालं. नवव्या दिवशी मी ते जिथून उडवलं होतं तिथेच परत उतरवलं. चाकं टेकली, वेग कमी झाला, इंजिन बंद केलं. सगळं मिळून आठ मिनिटं. काहीतरी सुरू होऊन पूर्ण झालं होतं. माझ्या कामात असं कधी होतच नव्हतं. यादीतली एक ओळ खोडली की खाली तीन वाढायच्या.

हा छंद मला का लागू पडला याचं माझं उत्तर तेवढंच आहे. उड्डाणाला सुरुवात असते आणि शेवट असतो, आणि उतरतानाच्या दोन मिनिटांत डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. नवे लोक नेमकं हेच हरवून बसतात. आधी महागडं सामान घेतात, थेट मोठ्या प्रवासी विमानात बसतात, रात्र रात्र सेटिंग बदलत बसतात, आणि छंदाची दुसरी नोकरी होते. तसं होऊ नये म्हणून हा क्रम.

१. आधी ओळखा: कंटाळा की बर्नआउट?

दोन्हींत संध्याकाळ सारखीच दिसते, पण उपाय उलटे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात तो आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था मानला आहे, आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

कंटाळ्यात शक्ती असते, तिला खाद्य नसतं. तुम्हाला नुसता कंटाळा आला असेल तर सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, भराभर अवघड गोष्टी घ्या: आडवा वारा, डोंगरातल्या धावपट्ट्या, नकाशा आणि घड्याळावरची दिशा. पार थकून गेला असाल तर उलट करा. पहिले दोन आठवडे एकच विमान, एकच विमानतळ, स्वच्छ हवा, दिवसाची वेळ. त्यापलीकडे काहीही नको.

एक गोष्ट मनापासून सांगते. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. विमान नंतरही उडवता येईल. आणि कामाचा बोजाच माणसाला चिरडत असेल तर तो छंदानं हलका होत नाही. त्याबद्दल कामाच्या ठिकाणी बोलावंच लागतं.

२. काय काय लागतं

- बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक. जुना असेल तरी पुढची पायरी वाचा, त्यावर चालणारा पर्यायही आहे.
- मूठ गोल फिरवता येणारी साधी जॉयस्टिक. मूठ फिरवली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा भाग, हलतो, म्हणून वेगळे पेडल लागत नाहीत.
- तुमच्या विमानाची चेकलिस्ट, कागदावर छापलेली.
- तुम्ही निवडलेल्या विमानतळाचा नकाशा: धावपट्ट्यांचे क्रमांक आणि समुद्रसपाटीपासूनची उंची.
- एक वही आणि एक टायमर.

एवढंच. पेडल, योक (विमानातलं स्टिअरिंगसारखं हँडल), तीन पडदे, डोक्याला लावायचा व्हीआर संच यांतलं काहीही पहिले तीन महिने घेऊ नका. १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी वैमानिकांना शिकवण्यासाठी यंत्र बनवलं, तेव्हा त्यांनी वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरले होते. ती एक छोटी लाकडी पेटी होती. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नसे. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत असंख्य वैमानिक तसल्या पेटीत बसून निव्वळ काट्यांवर उडायला शिकले.

३. सिम्युलेटर निवडा, आणि मग त्यावर पुन्हा विचार करू नका

तीन नावं पुरेशी आहेत. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. दिसायला साधं आहे, पण जुन्या संगणकावरही निभतं. एक्स-प्लेनचा भर विमानाच्या वागणुकीवर आहे, आणि त्याची मोफत चाचणी आवृत्ती मिळते, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या संगणकावर ते कसं चालतं हे पाहता येतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची परंपरा १९८२ पासूनची. २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्यांत पृथ्वीचा पृष्ठभाग उपग्रहचित्रांवरून उभा केला आहे. त्यासाठी चांगलं इंटरनेट आणि भरपूर मोकळी जागा हवी.

माझं मत विचाराल तर थकलेल्या माणसानं आपल्या संगणकावर जे न अडखळता चालतं तेच घ्यावं. चित्र सुंदर पण धक्के देत चालणारं असलं तर उतरताना हात आणि डोळे जुळत नाहीत, आणि आधीच खचलेल्या मनाला वाटतं की चूक आपलीच आहे.

४. मांडणीला एकच संध्याकाळ द्या

टायमर पाऊण तासाचा लावा. एवढ्यात पुढच्या गोष्टी उरका:

जॉयस्टिक कॅलिब्रेट करा. हात काढल्यावर विमान एका बाजूला कलत असेल तर मधला मृत भाग, ज्याला डेड झोन म्हणतात, थोडा वाढवा. ट्रिमला, म्हणजे जॉयस्टिक धरून ठेवायचा भार काढणाऱ्या नियंत्रणाला, वर आणि खाली अशी दोन बटणं द्या. ब्रेक, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) आणि डावी-उजवीकडे पाहायची बटणं ठरवा. ग्राफिक्स मध्यम ठेवा.

सापळा इथेच आहे. सेटिंगच्या पानावर सुधारायला नेहमीच काहीतरी उरतं, आणि सुधारत राहणं म्हणजे काम केल्यासारखं वाटतं. मी स्वतः सलग पाच संध्याकाळी ढगांची छटा बदलत होते आणि एकदाही उडाले नाही. टायमर वाजला की पान बंद.

५. सेसना १७२ मध्ये बसा

चार आसनांचं, एका इंजिनाचं, वर पंख असलेलं हे विमान १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि त्यानंतर ४४,००० हून जास्त बनली. दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. जगभरचे विद्यार्थी त्यावर शिकतात, कारण ते चूक सहन करतं. हात सोडला तरी बरंचसं स्वतःला सावरतं. वर सांगितलेल्या तिन्ही सिम्युलेटरांमध्ये ते आहे.

शक्य असेल तर गोल काट्यांचं कॉकपिट घ्या. वेग, क्षितिज, उंची, वळण, दिशा, चढ-उतार: अशी सहा घड्याळं. रंगीत पडद्यावर एकाच वेळी इतकी माहिती असते की दिवसभर पडद्यात डोकं घालून आलेल्या माणसाला ती नकोशी होते.

६. पहिले तीन दिवस: सरळ उडा

लँडिंगचा विचारही करू नका. सिम्युलेटरला सांगून थेट हवेत, ३,००० फुटांवर सुरुवात करा. काम एकच: उंची आणि दिशा न बदलता पाच मिनिटं उडायचं.

हे जमत नाही, कारण आपण जॉयस्टिक आवळून धरतो. इथे ट्रिम शिका. आधी जॉयस्टिकनं नाक हव्या त्या जागी आणा, मग नाक तिथेच ठेवत ट्रिमचं बटण दाबत राहा आणि जॉयस्टिक हळूहळू मधोमध परत येऊ द्या, मग बोटं सैल सोडा. विमान तिथेच राहिलं पाहिजे. नाक ट्रिमनं उचलायचं नाही. ते हातानं उचलायचं आणि ट्रिमनं फक्त हाताचा भार काढायचा. विमान पहिल्यांदा माझ्या हाताशिवाय सरळ गेलं त्या दिवशी मला जाणवलं की माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, आणि ते विमानामुळे नव्हे, सकाळपासूनच तसे होते.

सैल बोटांनी पाच मिनिटं जमली की वळणं घ्या. प्रमाणित वळण सेकंदाला तीन अंशांचं असतं, म्हणजे पूर्ण चक्कर बरोबर दोन मिनिटांत. घड्याळ लावून पाहा.

७. सर्किट: या छंदाचा गाभा

धावपट्टीवरून उडायचं, तिच्याभोवती आयताकृती फेरी मारायची आणि तिथेच उतरायचं, याला सर्किट म्हणतात. सहा ते आठ मिनिटांत होतं. मी तीन वर्षांनंतरही आठवड्यातून दोनदा हेच करते.

आधी धावपट्टी. तिच्यावरचा आकडा म्हणजे होकायंत्राची दिशा भागिले दहा. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे. वारा पश्चिमेकडून येत असेल तर २७ वरूनच उडा आणि उतरा. वारा नेहमी समोरून घ्यायचा.

थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण पुढे. विमान डावीकडे ओढलं जाईल; पंख्याच्या फिरण्यामुळे तसं होतं, म्हणून उजवा रडर थोडा द्या. जमिनीवर दिशा रडरनं बदलते. जॉयस्टिक गाडीच्या स्टिअरिंगसारखी डावी-उजवीकडे झुकवून काही होत नाही. माझं विमान गवतात गेलं ते याचमुळे. ५५ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर) नाक हलकेच उचला आणि ७४ नॉट वेग राखून चढा. हे आकडे १७२ च्या एस प्रकाराचे आहेत. जुन्या प्रकारांत थोडेफार पुढेमागे होतात.

जमिनीपासून सुमारे ७०० फुटांवर पहिलं डावं वळण. १,००० फुटांवर विमान सपाट करा, दुसरं डावं वळण घ्या आणि धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं उडा. इथे नव्यांची हमखास फसगत होते. उंचीचा काटा जमिनीपासूनची नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. विमानतळ १,९०० फुटांवर असेल तर सर्किटची उंची काट्यावर २,९०० दिसली पाहिजे. विमानतळाची उंची वहीत मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा.

धावपट्टीचं सुरुवातीचं टोक तुमच्या डाव्या खांद्याच्या रेषेत आलं की थ्रॉटल इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपर्यंत खाली घ्या, १० अंश फ्लॅप द्या, वेग ८५ च्या आसपास. ते टोक खांद्याच्या मागे ४५ अंशांवर गेलं की डावीकडे वळा, २० अंश फ्लॅप, ७५ नॉट. मग शेवटचं वळण. धावपट्टी समोर, फ्लॅप पूर्ण, ६५ नॉट.

आता काच बघा. धावपट्टीवरचा आकडा काचेत वर सरकतोय? तुम्ही लवकर टेकणार, थोडी शक्ती द्या. खाली सरकतोय? तुम्ही उंच आहात, शक्ती कमी करा. एकाच जागी स्थिर राहून नुसता मोठा होतोय? बरोबर येताय. बऱ्याच विमानतळांवर धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते: दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार योग्य. चारही लाल म्हणजे फार खाली.

जमीन जवळ आली की थ्रॉटल पूर्ण मागे आणि नजर धावपट्टीच्या पार दूरच्या टोकावर. ही एक गोष्ट माझ्या दहा दिवसांच्या धडपडीवर उतारा ठरली. चाकांखालची जमीन शोधत राहिलात तर तुम्ही आपटणार. दूर पाहिलं की डोळ्याच्या कडेला उंची आपोआप कळते. नाक हळूहळू उचलत राहा आणि विमानाला टेकू न देण्याचा प्रयत्न करा. वेग संपला की ते स्वतःच टेकतं.

जुळत नसेल तर उतरू नका. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं आत, पुन्हा फेरी. याला गो-अराउंड म्हणतात. प्रवासी विमानांचे अनुभवी वैमानिकही ते करतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. मी पहिले दोन आठवडे प्रत्येक बिघडलेलं लँडिंग ओढूनताणून पूर्ण करत होते, जशी मी ऑफिसात बिघडलेली कामं रात्री अकरापर्यंत ओढत असे. चांगली वाटणारी फेरीसुद्धा मुद्दाम सोडून पाहा. हाताला सवय लागते.

८. चेकलिस्ट कागदावरच ठेवा

१९३५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं चार इंजिनांचं विमान, मॉडेल २९९, उडताच कोसळलं. चालवणारे अनुभवी होते आणि विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं हलू नयेत म्हणून नियंत्रण-पृष्ठभागांना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी चेकलिस्ट आल्या.

थकलेलं डोकं सगळ्यात आधी छोट्या गोष्टी गाळतं, म्हणून कागद तुमच्यासाठी आठवण ठेवतो आणि तुम्ही मोकळे राहता. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा, त्या वस्तूला बोट लावा, पुढे जा. इंजिन सुरू करण्याआधीची ही दोन मिनिटं माझ्यासाठी ऑफिस आणि घर यांच्यातलं दार झाली आहेत. शेवटची, इंजिन बंद करायची यादीही सोडू नका.

९. पहिला प्रवास

दहा सर्किट स्वतःच्या समाधानाइतकी झाली की दुसऱ्या विमानतळावर जा. २५ सागरी मैलांवरचा निवडा (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). १०० नॉट वेगानं पंधरा मिनिटं लागतात. नकाशावर रेघ ओढा, वाटेतली नदी, पूल, तलाव यांवर मिनिटं लिहा, आणि ऑटोपायलट व उपग्रहावरचा नकाशा दोन्ही बंद ठेवून निघा. सातव्या मिनिटाला दिसायला हवी ती नदी सातव्या मिनिटाला दिसते तेव्हा फार बरं वाटतं. नाही दिसली तर वाऱ्यानं तुम्हाला सरकवलं आहे. परत वळा आणि आधीच्या खुणेपासून पुन्हा सुरू करा. नकाशासाठी लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्राम उत्तम आहे.

कंटाळा हाच ज्यांचा प्रश्न होता त्यांनी पुढे नेपाळमधलं लुकला गाठावं. ९,३०० फुटांहून उंच, धावपट्टी फक्त ५२७ मीटर, तिला जवळपास १२ टक्के चढ आणि शेवटी डोंगर. एकाच दिशेनं उतरायचं, उलट दिशेनं उडायचं, आणि शेवटच्या टप्प्यात गो-अराउंडला वाव नाही. थकलेल्यांनी याच्या वाटेला सध्या जाऊ नये.

१०. छंदाची नोकरी होते ती अशी

वेळ ठरवा, आणि ती झोपेच्या आधी तासभर संपू दे. मी ‘अजून एक लँडिंग’ म्हणत दीड वाजवत होते. दुसऱ्या दिवशी थकवा दुप्पट. शेवटचं लँडिंग वाईट झालं तरी उठायचं.

आठ तासांची लांब उड्डाणं, विमान आपोआप चालू ठेवून, सुरुवातीला करू नका. त्यात फक्त वाट पाहणं असतं.

फुकट मिळणारी जादा विमानं आणि विमानतळ भरमसाट उतरवून घेऊ नका. दोन एकमेकांशी भांडले की सिम्युलेटर कोसळतो आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. एका वेळी एक, आणि ते पचल्यावर पुढचं.

वहीत उड्डाणांचे गुण देऊ नका. मी तारीख, कुठून कुठे आणि लक्षात राहिलेली एक गोष्ट एवढंच लिहिते. ‘डावीकडे पाऊस, उजवीकडे ऊन.’

११. माणसांबरोबर उडायचं असेल तर

व्हॅटसिम हे २००१ पासून चालणारं मोफत जाळं आहे. तिथे छंद म्हणून हवाई नियंत्रकाचं काम करणारे स्वयंसेवक तुमच्याशी खऱ्या पद्धतीनं बोलतात. सामील होताना नियमावली वाचून छोटी चाचणी द्यावी लागते. आधी काही दिवस नुसतं ऐका. मग नियंत्रक नसलेल्या छोट्या विमानतळावरून सुरुवात करा. अशा ठिकाणी बहुतेकदा १२२.८०० या रेडिओ वारंवारतेवर आपण काय करतोय ते सांगायचं असतं. पहिल्यांदा बोलताना ‘मी नवी आहे’ असं सरळ सांगा. माझ्याशी तेव्हा नियंत्रक सावकाश बोलला आणि मी चुकीच्या टॅक्सी मार्गावर (विमानतळावर जमिनीवरून विमान चालवायच्या रस्त्यावर) गेले तेव्हा त्यानं शांतपणे परत वळवलं.

मात्र दिवसभर माणसांशी बोलूनच थकत असाल तर ही पायरी खुशाल वगळा. एकट्यानं उडण्यात काही कमी नाही.

१२. आणि खरं विमान?

काही महिन्यांनी ही इच्छा होतेच. अनेक उड्डाण संस्था प्रशिक्षकाबरोबर एक ओळखीचं उड्डाण देतात. घरच्या जॉयस्टिकवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, पण चेकलिस्टची शिस्त, सर्किटचा क्रम आणि ट्रिमची समज नक्की कामी येते. एक सवय मात्र मोडावी लागते: सिम्युलेटरवाले सतत काट्यांकडे बघतात. माझ्या प्रशिक्षकानं पहिल्या दहा मिनिटांतच एका कागदानं माझ्यापुढचे सगळे काटे झाकले आणि म्हणाला, ‘आता बाहेर बघ.’